विमा चालू आहे, तरी ‘वाहन’वर संपलेला दिसतो आणि चलान येते: कुठे अडते, कसे सोडवायचे

लक्षण ठरलेले आहे. पॉलिसी हातात आहे, हप्ता भरलेला आहे, मुदत शिल्लक आहे. पण ‘वाहन’ या सरकारी नोंदीतली माहिती दाखवणाऱ्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये विम्याची तारीख उलटून गेलेली दिसते किंवा विम्याचा रकानाच कोरा असतो. मग एक दिवस मोबाइलवर विना-विमा गाडी चालवल्याच्या ई-चलानाचा संदेश येतो. चलान भरून टाकले तर काही दिवसांनी दुसरे येते, कारण मूळ नोंद तशीच राहिलेली असते. हा त्रास वारंवार का होतो आणि तो मुळापासून कसा बंद करायचा, ते इथे क्रमाने दिले आहे. सगळे भारतातल्या नियमांपुरते आहे, आणि पत्ते-कार्यालये महाराष्ट्रातल्या वाचकाला धरून आहेत.

यंत्रणा नेमके काय पाहते

कॅमेरा किंवा टोलनाक्यावरची यंत्रणा गाडीचा नंबर टिपते. तो नंबर केंद्राच्या ‘वाहन’ या माहितीसाठ्यात शोधला जातो आणि विमा, पीयूसी, फिटनेस यांच्या शेवटच्या तारखा तपासल्या जातात. वाहतूक पोलिसाच्या हातातले चलान यंत्रही हीच माहिती दाखवते. ओडिशा आणि बिहारमध्ये २०२४ पासून टोलनाक्यांवर अशी ई-तपासणी सुरू झाली. महाराष्ट्रातली गाडी तिकडे गेली तरी चलान तिच्याच नंबरवर पडते.

या साखळीत तुमची पॉलिसी कोणी उघडून बघत नाही. पाहिली जाते ती फक्त नोंदीतली तारीख. ती तारीख दोन वाटांनी येते. गाडी नवीन असताना नोंदणीच्या वेळी शोरूमकडून विम्याचा तपशील भरला जातो. त्यानंतरच्या प्रत्येक नूतनीकरणाची माहिती विमा कंपन्या ‘इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो’ या संस्थेमार्फत (बोलण्यात आयआयबी) पाठवतात आणि तिथून ती ‘वाहन’मध्ये येते. म्हणजे चूक झाली असेल तर ती शोरूमच्या टंकलेखनात, विमा कंपनीने पाठवलेल्या माहितीत किंवा आरटीओच्या जुन्या नोंदीत असते. चौकातल्या पोलिसाशी वाद घालून ती दुरुस्त होत नाही. त्याला पॉलिसी जरूर दाखवा, पण दुरुस्तीचा अर्ज तिथे करायचा नसतो.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण ही काळजी अनेकांना रात्रभर जागवते. ‘वाहन’वर तारीख चुकीची दिसते म्हणून तुमचा विमा रद्द होत नाही. विमा हा तुमच्यात आणि कंपनीत झालेला करार आहे. पॉलिसी खरी आणि चालू असेल, तर अपघात झाल्यावर कंपनीची जबाबदारी त्या पॉलिसीप्रमाणे ठरते, अ‍ॅपमध्ये काय दिसत होते यावरून नाही.

सर्वात आधी चलानाचा फोटो उघडा

विम्याचे कागद शोधायच्या आधी चलानावरचा फोटो मोठा करून पाहा. गाडी तुमचीच आहे का? रंग, मॉडेल, नंबरप्लेटवरचे प्रत्येक अक्षर तपासा. कॅमेऱ्याला ८ आणि इंग्रजी ‘बी’, शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होते. वाकडी, चिखलाने माखलेली किंवा नक्षीदार आकड्यांची प्लेट असेल तर हे जास्त घडते. फोटोतली गाडी दुसरी असेल तर प्रश्न विम्याचा नाही. त्या चलानावर ‘चुकीची गाडी’ म्हणून तक्रार करायची. तुमचा नंबर दुसऱ्या कोणाच्या गाडीवर जसाच्या तसा लावलेला दिसला तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. पुढे येणाऱ्या प्रत्येक चलानाला तीच कामाला येते.

फोटो तुमच्याच गाडीचा असेल तर चलानावरची तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या. पुढची सगळी तुलना याच वेळेशी करायची आहे.

दोन तारखांचा घोळ: हेच सर्वात जास्त वेळा निघते

नवीन गाडीच्या पॉलिसीत दोन वेगळे विमे एकत्र असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा किंवा नुकसानीचा. दुसरा ओडी, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन चारचाकीला ३ वर्षांचा आणि नवीन दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओडी मात्र बहुतेक वेळा १ वर्षाचाच असतो.

कायद्याला काय हवे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी गाडी चालवायला थर्ड पार्टी विमा लागतो. ओडी ऐच्छिक आहे. कलम १९६ चा दंड थर्ड पार्टी नसेल तरच लागतो.

आता उदाहरण घ्या. कार १० जून २०२३ ला घेतली. ओडी ९ जून २०२४ पर्यंत, थर्ड पार्टी ९ जून २०२६ पर्यंत. शोरूमने नोंदणी करताना विमा कधीपर्यंत या रकान्यात ९ जून २०२४ भरले, तर १० जून २०२४ पासून गाडी यंत्रणेच्या लेखी विना-विमा झाली. प्रत्यक्षात कायद्याला लागणारा विमा अजून दोन वर्षे चालू आहे.

दुसरा प्रकार असा. दुसऱ्या वर्षी ओडी वेगळ्या कंपनीकडून घेतला (२०१९ पासून नुसता ओडी घेता येतो). त्या कंपनीने पाठवलेली नोंद नवी म्हणून तीच वर दिसू लागली. तिसऱ्या वर्षी ओडी घेतला नाही, की रेकॉर्डवर विमा संपला; मूळ कंपनीचा थर्ड पार्टी जिवंत असूनही.

तिसरा प्रकार सर्वात धोकादायक आहे, आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चारचाकीच्या चौथ्या वर्षी, दुचाकीच्या सहाव्या वर्षी, मालक नेहमीच्या सवयीने फक्त ओडीचे नूतनीकरण करतो. पॉलिसी हातात येते, अ‍ॅपमध्ये पुढच्या वर्षाची तारीखही दिसू शकते, पण मूळ ३ किंवा ५ वर्षांचा थर्ड पार्टी संपून गेलेला असतो. इथे यंत्रणा गप्प आहे आणि गाडी मात्र खरोखरच विना-विमा आहे. अपघातात कोणी दगावले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. म्हणून पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘ओडी मुदत’ आणि ‘थर्ड पार्टी मुदत’ या दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचा. नुसत्या ओडीच्या पॉलिसीवर थर्ड पार्टी कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा आणि कधीपर्यंत, हे लिहिलेले असते. ती तारीख जुन्या पॉलिसीशी ताडून पाहा. नूतनीकरणाच्या वेळी ती घाईत चुकीची भरली गेलेली असू शकते.

नंबर आणि चासीच्या चुका

विमा कंपनीने पाठवलेली नोंद ‘वाहन’मधल्या गाडीशी जुळली नाही तर ती लटकून राहते आणि जुनी तारीखच दिसत राहते. न जुळण्याची नेहमीची कारणे अशी:

- पॉलिसीवर गाडीच्या नंबरातला मधला शून्य गाळलेला असतो. आरसीवर ‘एमएच ०४’ आणि ०१२३ असेल तर पॉलिसीवर ‘एमएच ४’ किंवा नुसते १२३ चालत नाही.
- चासी नंबरात एखादे अक्षर चुकलेले असते. अलीकडच्या गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरत नाहीत. पॉलिसीवरच्या चासी नंबरात यांपैकी काही दिसले तर तिथे १ किंवा ० हवा होता असे समजायला हरकत नाही. शेवटची ५ अक्षरे विशेष काळजीने पाहा. परिवहन पोर्टलवरच्या अनेक सेवा त्यांच्यावरच पडताळणी करतात.
- पॉलिसी गाडीला नंबर मिळण्याआधी काढलेली असते आणि नंबराच्या जागी ‘न्यू’ एवढेच छापलेले असते. नंबर मिळाल्यावर तो कंपनीला कळवून पॉलिसीवर चढवून घ्यायचा असतो, ज्याला कंपन्या एंडोर्समेंट म्हणतात. शोरूम हे करतेच असे नाही.
- गाडी दुसऱ्या राज्यातून आणून नवा नंबर घेतला आहे, पण पॉलिसी जुन्या नंबरावर चालू आहे.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर आणखी एक बाब. कलम १५७ प्रमाणे मालकी बदलली की थर्ड पार्टी विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, पण नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. तो राहून गेला की पत्रव्यवहार, नूतनीकरणाची सूचना सगळे जुन्या मालकाकडे जाते आणि मुदत कधी संपली ते नव्याला कळतच नाही.

फार जुन्या गाड्यांची संपूर्ण नोंदच ‘वाहन’मध्ये नसते. नंबर टाकल्यावर गाडी सापडतच नाही. हे काम विमा कंपनीचे नाही. मूळ आरसी घेऊन ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. तिथे याला ‘बॅकलॉग’ म्हणतात, तोच शब्द वापरा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक वाक्य: ट्रॉलीची नोंदणी वेगळी असेल तर ती पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहिलेली आहे ना, ते बघा. ट्रॅक्टरची पॉलिसी आपोआप ट्रॉलीला लागू पडते असे धरून चालू नका.

पॉलिसीच खरी नसेल तर

हे तपासायला लाज वाटून घेऊ नका. एजंटला रोख पैसे दिले, मोबाइलवर पीडीएफ आली, पण कंपनीत तशी पॉलिसीच नाही, असे प्रकार घडतात. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, आणि तो उघडणारा पत्ता कंपनीच्याच संकेतस्थळाचा आहे का ते पाहा. मग कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पॉलिसी क्रमांक टाकून प्रत उतरवा. पीडीएफवर छापलेल्या फोन नंबरवर फोन करून खात्री करू नका. बनावट कागदावर नंबरही बनावट असतो. धनादेशाने हप्ता भरला असेल तर तो वटला का तेही बघा. हप्ता कंपनीला मिळाला नाही तर पॉलिसी रद्द होते.

दुरुस्ती: या क्रमाने करा

पहिल्यांदा पुरावा गोठवा. एमपरिवहन अ‍ॅप किंवा परिवहन पोर्टलवरच्या वाहन तपशिलाच्या पानावर मोबाइल क्रमांकाने प्रवेश करून गाडीचा नंबर टाका आणि स्क्रीनशॉट घ्या. त्यात विमा कंपनीचे नाव, विम्याची तारीख आणि फोनवरची तारीख-वेळ दिसली पाहिजे. सोबत आरसीच्या दोन्ही बाजू, पॉलिसीची पूर्ण पीडीएफ, हप्त्याची पावती आणि चलान. आदल्या वर्षीची पॉलिसीही काढून ठेवा. दोन तारखांचा घोळ असेल तर तिच्याशिवाय बाजू सिद्ध होत नाही.

मग विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल पाठवा. फोनवर ‘अपडेट होईल’ एवढेच उत्तर मिळते आणि हाती काही राहत नाही, म्हणून लेखीच हवे. मजकूर थोडक्यात ठेवा:

“माझी पॉलिसी क्रमांक … , वाहन क्रमांक … , चासी क्रमांक … . थर्ड पार्टी मुदत … ते … . ‘वाहन’ प्रणालीत आज दिनांक … रोजी विम्याची तारीख … अशी चुकीची दिसत आहे (चित्र सोबत). कृपया आपण आयआयबीकडे पाठवलेल्या नोंदीतील वाहन क्रमांक, चासी क्रमांक आणि थर्ड पार्टीची अंतिम तारीख तपासून दुरुस्त नोंद पुन्हा पाठवावी आणि ती पाठवल्याची तारीख मला कळवावी. तसेच … या दिवशी पॉलिसी अमलात होती, असे पत्र द्यावे.”

शेवटचे वाक्य गाळू नका. चलानाच्या तक्रारीत पीडीएफपेक्षा कंपनीच्या पत्राचे वजन जास्त पडते. पॉलिसीवर नंबर किंवा चासी चुकलेला असेल तर आधी एंडोर्समेंट मागा, आणि मगच नोंद पुन्हा पाठवायला सांगा. उलट क्रमाने केले तर चुकीचीच नोंद पुन्हा जाते.

थर्ड पार्टी एका कंपनीचा आणि ओडी दुसरीचा असेल तर हे पत्र थर्ड पार्टीच्या कंपनीला जायला हवे. इथे बरेच जण चुकीच्या दारात उभे राहतात, कारण अ‍ॅपमध्ये ओडीच्या कंपनीचे नाव दिसत असते.

उत्तर आले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तोच ईमेल पुढे पाठवा. त्याचा पत्ता पॉलिसीवर छापलेला असतो. दोन आठवड्यांत काही झाले नाही तर विमा नियामक इर्डाईच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावेच लागते. बहुतेक अडलेल्या नोंदी या टप्प्यावर हलतात. त्यापुढे विमा लोकपाल आहेत, त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत आणि तक्रारीला शुल्क नाही.

चासी किंवा नंबर खुद्द आरसीवर चुकला असेल तर मात्र आरटीओतच जावे लागते. कंपनीला कितीही लिहिले तरी उपयोग होणार नाही.

आलेल्या चलानाचे काय करायचे

नोंद दुरुस्त झाली म्हणून आधीचे चलान आपोआप रद्द होत नाही. ती वेगळी वाट आहे आणि दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायच्या.

चलान कोणी दिले ते त्यावर पाहा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे असेल तर त्यांच्या ई-चलान संकेतस्थळावर, इतर राज्याचे किंवा परिवहन खात्याचे असेल तर केंद्राच्या ई-चलान पोर्टलवर तक्रारीचा विभाग आहे. चलान क्रमांक टाका, पॉलिसी आणि कंपनीचे पत्र जोडा आणि एकच मुद्दा लिहा: घटनेच्या तारखेला आणि वेळेला थर्ड पार्टी विमा चालू होता. रस्त्यांची अवस्था, वाहतूक कोंडी, कॅमेऱ्यांचा सुळसुळाट असले काही लिहू नका. तपासणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावरून हटते. चलानावरची मुदत संपायच्या आत हे करा.

हरकत घ्यायची असेल तर दंड आधी भरू नका. भरला की गुन्हा मान्य केल्यासारखे होते आणि पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला दंड ४,००० रुपये, अशी कलम १९६ ची रचना आहे. ‘दोन हजारांत सुटतोय ना’ म्हणून भरलेले पहिले चलान पुढच्या वेळी दुसरा गुन्हा ठरू शकते. प्रकरण आभासी न्यायालयात, म्हणजे चलानांची प्रकरणे ऑनलाइन चालवणाऱ्या न्यायालयात, गेले असेल तर तिथे दंड भरणे आणि खटला लढवणे असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाते, आणि तिथे कागद पक्के असतील तर घाबरण्यासारखे काही नाही. लोकअदालत तडजोडीसाठी असते. विमा खरोखर नव्हता तेव्हा ती उपयोगी आहे. विमा होता हे सिद्ध करता येत असेल तर तडजोडीची गरज नाही.

रस्त्यात अडवले असेल तर कागद मोबाइलवर दाखवता येतो; केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ नुसार इलेक्ट्रॉनिक प्रत चालते. त्या क्षणी दाखवता आले नाही तरी कलम १५८ नुसार ७ दिवसांत सांगितलेल्या पोलीस ठाण्यात प्रमाणपत्र दाखवले तर केवळ जागेवर न दाखवल्याबद्दल दोषी धरता येत नाही. मालवाहू आणि प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांनी या सवलतीवर विसंबू नये.

यंत्रणा बरोबर निघाली तर

घटनेच्या वेळी विमा खरोखर संपलेला होता असे कळले तर गाडी जागच्या जागी उभी करा. नुसता थर्ड पार्टी ऑनलाइन काही मिनिटांत मिळतो आणि त्यासाठी सहसा गाडीची तपासणी लागत नाही. ओडीसकट हवा असेल तर खंड पडल्यामुळे कंपनी गाडीचे फोटो किंवा व्हिडिओ मागते. नव्या पॉलिसीवर सुरू होण्याची वेळ छापलेली असते. ती मध्यरात्रीची असू शकते, म्हणून हप्ता भरल्या भरल्या किल्ली फिरवू नका. खंड ९० दिवसांपेक्षा लांबला की दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातली सूट, जी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, तीही जाते. आजची तारीख टाकलेली पॉलिसी कालच्या चलानाला चालत नाही. ती जोडून तक्रार केली तर ती फेटाळलीच जाते.

गाडी दुसऱ्याला चालवायला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: कलम १९६ चालवणाऱ्याला लागते, तसेच चालवू देणाऱ्यालाही.

पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी

नोंद पोचायला काही दिवस जातात. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी घेतलेली पॉलिसी वैध असते, पण रेकॉर्डवर ती मागाहून येते आणि मधल्या दिवसांत कॅमेऱ्यासमोरून गेलात तर चलान पडू शकते. मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी नूतनीकरण करा. नवी मुदत जुनी संपल्यावरच सुरू होते, त्यामुळे दिवस वाया जात नाहीत. नवी पॉलिसी आली की त्याच दिवशी नंबर, चासी, इंजिन नंबर आणि दोन्ही मुदती आरसीसमोर ठेवून वाचा. मग जुनी मुदत संपल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एमपरिवहन उघडून तारीख बदलली का ते पाहा. आठवडाभरात बदलली नसेल तर चलानाची वाट न बघता वरचा ईमेल पाठवा, आणि तोपर्यंत कंपनीचे ‘पॉलिसी अमलात आहे’ हे पत्र गाडीत आणि मोबाइलवर दोन्हीकडे असू द्या.